किल्ला बघायला येताय, तर आधी उमेळ्यात उतरा

"वसईचा किल्ला किती वेळात बघून होतो?" मुंबई-पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा आधी हे विचारतो. दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची मुलांना घेऊन यायची आहे, तिनेही फोनवर हेच विचारलं. मी तिला सांगितलं, अख्खा दिवस मोकळा ठेव, सकाळी लवकर नीघ, आणि वसई रोडला न उतरता अलीकडे नायगावला उतरून उमेळ्यात आमच्याकडे ये. चहा घेऊ, वाडीत फिरू, मग किल्ल्यात जाऊ. ती म्हणाली, "मावशी, वाडी काय, येताजाता बघता येईल. मुलांना किल्ला दाखव."

मी शाळेत इतिहास शिकवला. मुलांना सहलीला किल्ल्यात नेलं, त्यांच्या मागे धावताना घसा बसेपर्यंत ओरडले, पडक्या भिंतींवर चढणाऱ्यांना खाली उतरवलं. त्या सगळ्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. वसईच्या किल्ल्याला लोक रायगड-सिंहगडासारखा किल्ला समजून येतात, तोफा आणि बुरुज शोधतात, किल्ला जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी फोटो काढतात आणि दीड तासात परत जातात. पण तटाच्या आतली ती सुमारे ११० एकर जागा म्हणजे एक शहर होतं. रस्ते, घरं, शाळा, दवाखाना, तुरुंग, बाजार, चर्चं, सगळं तिथे होतं. आणि शहर कधी एकटं जगत नाही. त्याला भाजी लागते, पाणी लागतं, मीठ, लाकूड, दगड लागतो, राबणारी माणसं लागतात. ते सगळं जिथून येत होतं तो पट्टा म्हणजे आमची गावं. म्हणून किल्ल्याची वाट उमेळ्यातून सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं.

वाडीत आल्यावर मुलांना मी आधी बावखलापाशी नेणार आहे. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. अशा जमिनीत थोडं खोल गेलं की खारं पाणी लागतं. वसईच्या माणसाने त्यावर शोधलेला हा तोडगा आहे. बरीच बावखलं भराव टाकून बुजवली गेली, वर इमारती आल्या, आणि मग विहिरी मचूळ का झाल्या असं लोक विचारू लागले. आमच्या सासऱ्यांनी मात्र आमचं बावखल शेवटपर्यंत राखलं. दर उन्हाळ्यात गाळ उपसायचा आणि तो काळा गाळ केळीच्या बुंध्याला घालायचा, हा त्यांचा नेम होता.

विहिरीच्या काठावर रहाटाचे दोन दगडी खांब अजून उभे आहेत. वर आडवं लाकूड होतं ते कधीच गेलं. खांबांच्या आतल्या अंगाला हात फिरवला तर एक गुळगुळीत खोबण लागते. आस फिरून फिरून दगड तिथे झिजला आहे. भोवतीची वाट बैलाच्या पायांनी इतकी दबली होती की आजही तिथे गवत नीट रुजत नाही. मडक्यांची माळ विहिरीत उतरायची, भरून वर यायची, पाणी दोणीत ओतायची, दोणीतून पाटात, पाटातून केळी, पानवेल आणि भाजीच्या वाफ्यांत. आधी तेलाची इंजिनं आली, मग विजेचे पंप, आणि रहाटाचा तो कुरकुर आवाज वसईतून गेला.

१६९५ मध्ये जेमेली कारेरी नावाचा एक इटालियन प्रवासी वसईला आला होता. तटाबाहेरच्या मुलुखाबद्दल त्याने जे लिहून ठेवलं आहे ते वाचून मला आमची वाडी डोळ्यांपुढे आली. मैलोन्‌मैल पसरलेल्या बागा, नारळी, फळझाडं, ऊस, आणि त्यांना पाणी देण्यासाठी मुद्दाम बनवलेली यंत्रं. ती यंत्रं म्हणजे रहाटच असणार. या बागा हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे सगळेच शेतकरी कसतात, असंही तो सांगतो. शहरातली बडी माणसं याच बागांत हवा खायला येत. त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे: शहराचा जवळजवळ एक तृतीयांश भाग साथीच्या रोगाने ओस पडला होता. मराठे येण्याआधी ४० वर्षांहून जास्त काळ वसईची रया जाऊ लागली होती, हे पाठ्यपुस्तकात येत नाही.

वाडी झाली की नायगाव-उमेळ्याच्या बाजूला खाडीलगत मिठागरांच्या जमिनी दिसतात. दूर रेल्वेचा पूल आणि पाणजूचं बेट दिसतं. मुंबईला जाणाऱ्या गाड्या धडधडत त्या पुलावरून जातात. मुलांना इथे एक गोष्ट सांगायची आहे. आज वसई म्हणजे मुंबईचं उपनगर, पहाटे आपण सगळे तिकडे कामाला जातो. पण एक काळ असा होता की मुंबईचं बेट वसईच्या अमलाखाली होतं. वैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या गार्सिया द ओर्ताकडे मुंबई बेट खंडाने होतं. दमणपासून चौलपर्यंतच्या पोर्तुगीज मुलुखाचा कारभार वसईतून चाले, 'उत्तरेचा जनरल' इथे राहत असे. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं, त्या करारात मुंबई आंदण दिली गेली आणि १६६५ मध्ये ती इंग्रजांच्या ताब्यात गेली. वसईच्या बड्या लोकांना ते अजिबात रुचलं नव्हतं. पुढे काय झालं ते आपण लोकलमधून रोज बघतो.

आता रिक्षा. उमेळे फाट्यावरून पापडी, तामतलाव, पारनाका, झेंडा बाजार आणि मग किल्ला. बसही मिळते. पाणी भरपूर घ्या, टोपी घ्या, बूट घाला. पावसाळ्यात येऊ नका असं मी म्हणणार नाही, कारण हिरवाईत तो किल्ला फार देखणा दिसतो. पण दगडावर शेवाळ असतं, गवत कमरेइतकं वाढतं आणि त्यात साप असतात. लहान मुलं बरोबर असतील तर दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. एप्रिलमध्ये आलात तर ऊन सोसावं लागेल, पण किल्ल्यातल्या ताडांचे ताडगोळे खायला मिळतील. डब्यात मी घावन आणि चटणी देणार आहे, आणि मिळाली तर सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली सुकेळी हा वसईचाच मेवा आहे, आणि शहराला पोसणाऱ्या वाड्यांची चव त्यात आजही आहे.

किल्ल्यात शिरल्यावर पहिली चूक टाळायची ती अशी की रस्त्याने सरळ बंदरापर्यंत जायचं नाही. आधी बालेकिल्ला गाठायचा. शहराचं बी तिथे रुजलं. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या धाकाने बेजार झाला होता. त्याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याला तहाने देऊन टाकला. लगोलग गार्सिया द सा याने १५३६ मध्ये इथे कोट उभारला. बाहेरचा मोठा तट त्यानंतर कित्येक वर्षांनी, वस्ती वाढत गेली तसा बांधला गेला. बालेकिल्ल्याच्या दरवाजावर पोर्तुगालचं राजचिन्ह आहे, क्रूस आहे आणि आकाशगोलाची आकृती आहे, दर्यावर्दी लोकांची ती खूण. मुलांना तिथे उभं करायचं आणि विचारायचं, हा दगड कोणी घडवला असेल? गव्हर्नरांची नावं पुस्तकात आहेत. छिन्नी धरणारे हात इथल्याच माणसांचे होते.

दगडाचा विषय निघालाच आहे तर तो पुरता सांगते, कारण वसईकराला त्याचा अभिमान वाटायला हवा. वसईच्या दगडाला त्या काळी मोठी मागणी होती, तो गलबतांतून गोव्याला जात असे. जुन्या गोव्यात बॉम जेझसचं जे प्रसिद्ध चर्च आहे, जिथे फ्रान्सिस झेवियरची शवपेटी ठेवली आहे आणि जे १६०५ मध्ये पूर्ण झालं, त्याच्या दर्शनी भागाचा काळा घडीव दगड वसईकडून नेलेला आहे. बाकीचं बांधकाम गोव्याच्या तांबड्या जांभ्याचं. गोव्याला जाणारे वसईकर त्या चर्चसमोर उभे राहतात तेव्हा त्यांच्यापैकी किती जणांना हे ठाऊक असतं? दगडाबरोबर लाकूडही जायचं. मागच्या डोंगरांतला साग खाडीने वसईला यायचा आणि त्याची जहाजं बांधली जायची.

बालेकिल्ल्यातून निघून चर्चांकडे. घाईत सगळी सारखी दिसतात, म्हणून मी तीनच निवडते.

पहिलं सेंट जोसेफ, शहराचं मुख्य चर्च. १६०१ मध्ये, आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या काळात त्याची पुन्हा उभारणी झाली. छप्पर गेलं आहे, उंच मनोरा उभा आहे.

दुसरं जेझुइटांचं चर्च, येशूच्या पवित्र नावाचं. याच्या दर्शनी भागावरचे खांब आणि नक्षी नीट बघा, वसईत यापेक्षा सुबक दगडकाम नाही. शेजारी त्यांचं महाविद्यालय होतं. फ्रान्सिस झेवियर १५४८ मध्ये वसईला आला होता आणि त्याच सुमारास जेझुइटांचं काम इथे मूळ धरू लागलं. इथल्याच जेझुइटांकडे एक मुलगा शिकला, गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. कोवळ्या वयात तो जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, काही काळ व्यापार केला आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात सामील झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला इतर ख्रिस्ती लोकांबरोबर क्रुसावर चढवून मारलं. १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिलं. भारतात जन्मलेला तो पहिला संत. त्याचा सण आजही या चर्चमध्ये साजरा होतो, आणि त्या दिवशी ओसाड किल्ल्यात नवे कपडे घातलेली माणसं, मुलं, बायका यांची गर्दी लोटते. शहर म्हणून ही जागा कशी असेल ते बघायचं असेल तर त्या दिवशी या.

तिसरं सेंट अँथनी, फ्रान्सिस्कनांचं. इथे सगळ्यात जास्त वेळ थांबायचं. फरशीत थडग्यांचे दगड बसवलेले आहेत. त्यांच्यावर घराण्यांची चिन्हं कोरली आहेत, पोर्तुगीज भाषेत नावं आहेत, सालं आहेत. मुलांना मी एकच काम देते: बाटलीतलं थोडं पाणी दगडावर ओता, हाताने पुसा आणि अक्षर लावा. कोरडा असताना जो दगड नुसता करडा दिसतो, त्याच्यावर ओल येताच अक्षरांच्या कडा गडद होतात, मग एखादा आकडा दिसतो, मग ढालीचा आकार, मग एखादं नाव. वर्गातला सगळ्यात दंगेखोर मुलगा इथे मांडी घालून बसलेला मी पाहिला आहे. पुस्तकातल्या सनावळीने जे होत नाही ते इथे होतं. मेलेल्या माणसांना घर होतं, कुळ होतं, इथल्याच मातीत ती गेली, हे मुलांना आपसूक कळतं. म्हणून या दगडांवर बूट घालून नाचत फोटो काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कोणाच्याही कबरीवर असं वागू नये, धर्म कोणताही असो.

त्या शहराची दुसरी बाजू मुलांपासून लपवायची नाही. आसपासची गावं वार्षिक खंडावर पोर्तुगीज बड्या लोकांना तोडून दिली होती. ते तटाच्या आत ऐटीत राहायचे आणि त्या ऐटीचा खर्च वाड्या आणि शेतं भरत होती. देवळं पाडली गेली, पूजेला, लग्नाच्या मिरवणुकीला बंधनं आली. गोव्याहून धर्मन्यायालयाची दहशत इथवर पोचत होती. वाडवळ, भंडारी, कोळी, आगरी, सगळ्यांना ती झळ लागली. कोणी धर्म बदलून राहिले, कोणी मुलूख सोडून गेले. अंजूरचे गंगाजी नाईक हे आमच्या वाडवळ समाजातले. या जाचाच्या तक्रारी घेऊन ते आणि त्यांचे भाऊबंद पेशव्यांपर्यंत पोचले, आणि वसईच्या मोहिमेत वाटा दाखवणं, माणसं जोडणं, बातम्या पुरवणं ही कामं त्यांनी केली. मोहीम पुण्यात ठरली, पण तिची निकड इथल्या गावांतून गेली होती.

आता सेबॅस्टियन बुरुजाकडे. तटाच्या बुरुजांना बहुतेक संतांची नावं आहेत, एकाला मात्र 'एलेफांत' म्हणजे हत्ती म्हणत. लढाईचा शेवट जमिनीकडच्या या बाजूला झाला. पण लढाई सांगताना मी बुरुजापासून सुरुवात करत नाही, मी पुन्हा वाड्यांकडे जाते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, साष्टी घेतली, अर्नाळा घेतला. वसईच्या भोवतालचा मुलूख हातातून गेला आणि जे शहर बागांवर, भातावर, खंडावर जगत होतं त्याची रसद तुटली. पुढे चिमाजी अप्पा स्वतः उतरले. माहीम, केळवे, तारापूर पडलं. तारापूरला जानेवारी १७३९ मध्ये बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. खाडीच्या पलीकडचा धारावीचा किल्ला मराठ्यांनी घेतला तेव्हा पाण्याची वाटही आवळली गेली.

बाहेर सगळं गेल्यावर उरलं ते तटाच्या आतलं शहर, आणि ते तरीही तीन महिने झुंजलं. या गोष्टीचा मान त्या लोकांना द्यायला हवा. त्यांचा सेनापती सिल्व्हेरा द मेनेझिस वेढ्यात मारला गेला, त्याच्या जागी कायतानु द सोझा परेरा आला. मराठ्यांनी मोर्चे पुढे सरकवत तटाखाली सुरुंग खणले. मे महिन्यात सुरुंग उडाले, बुरुजाला खिंडार पडलं. त्या खिंडारातून आत घुसणाऱ्यांवर वरून दगड, तेल, हातबॉम्ब पडत होते. मराठ्यांची हजारो माणसं जखमी झाली, मेली. अप्पांच्या पत्रांत त्या हानीचं दुःख आहे. शेवटी १६ मे १७३९ रोजी तह झाला. शहरातल्या लोकांना मालमत्ता आणि बायकामुलं घेऊन जाण्यासाठी आठ दिवस मिळाले, सैनिकांना हत्यारांसह मानाने बाहेर पडू दिलं, आणि ज्यांना मागे राहायचं होतं त्यांना आपला धर्म पाळायची मुभा मिळाली. २३ मे रोजी मराठ्यांचं निशाण तटावर चढलं.

तहाचा हा शेवटचा भाग शिकवताना मी आवाज चढवून शिकवते. एवढं रक्त सांडल्यावर चिमाजी अप्पांनी सूड घेतला नाही, वचन पाळलं. आज उमेळ्यात, पापडीत, सांडोरला देवळाच्या घंटेनंतर चर्चची घंटा ऐकू येते, आणि होळीला व नाताळला शेजाऱ्यांची ताटं एकमेकांच्या घरी जातात. माझ्या भाचीच्या मुलांना ते बघूनच कळेल, मला वेगळं सांगावं लागणार नाही. घंटेवरून आठवलं: वसईच्या मोहिमेत मिळालेल्या चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या देवस्थानांत नेऊन टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आहेत. वज्रेश्वरीला अप्पांनी नवस केला होता, म्हणून तानसेकाठी वज्रेश्वरीचं देऊळ उभं राहिलं. किल्ल्याच्या आवारातही वज्रेश्वरीचं आणि नागेश्वराचं देऊळ आहे. चर्चं बघून दमलेल्या मुलांना मी नागेश्वरापाशी सावलीत बसवते, डबा तिथेच सोडते.

जेवणानंतरचा इतिहास भराभर सांगायचा. १७८० च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्डने तोफा लावून वसई घेतली. वसईच्या मदतीला निघालेले मराठा सरदार रामचंद्र गणेश दुगाडला लढताना पडले. सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली. मग ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांचा पराभव केला, दुसरा बाजीराव पळत वसईला आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि परराज्यांशी बोलायचं ते इंग्रजांच्या संमतीने बोलायचं कबूल केलं. अप्पांनी ज्या वसईसाठी एवढी माणसं गमावली, त्याच वसईत ६३ वर्षांनी त्यांच्याच घराण्याच्या पेशव्याने स्वातंत्र्य लिहून दिलं. हे शिकवताना माझा गळा दर वेळी भरून यायचा, आजही लिहिताना तसंच होतं आहे.

इंग्रजांना मुंबई पुरेशी होती, वसईचं शहर त्यांना नको होतं. त्यांनी किल्ल्यातली जमीन भाड्याने दिली. एकोणिसाव्या शतकात एका इंग्रज मेजरने तिथे साखरेचा कारखाना चालवला, म्हणजे कारेरीने पाहिलेला तटाबाहेरचा ऊस शेवटी तटाच्या आत शिरला. १८६४ मध्ये रेल्वे आली ती किल्ल्यापासून लांबून गेली, आणि बाजार, बंदर, लोकांची ये-जा सगळं हळूहळू स्टेशनच्या अंगाला सरकलं. मुंबईचे डॉक्टर गर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या अवशेषांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. एकेका चर्चचा, एकेका शिलालेखाचा त्यांनी माग काढला. त्यांच्या वेळी वाचता येत असलेलं कितीतरी आज पुसून गेलं आहे. १९०९ मध्ये किल्ला संरक्षित स्मारक ठरला. तरीही भिंतींवर नावं कोरली जातात, मनोऱ्यात बाटल्या सापडतात. लग्नाआधीचे फोटो काढायला येणारी जोडपी आणि सिनेमावाले यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, सुंदर जागी माणूस येणारच. फक्त भिंतीवर पाय देऊन चढू नका आणि रंगीत धूर सोडून दगड काळे करू नका, एवढं कोणीतरी त्यांना सांगावं.

शेवट समुद्राकडच्या दरवाजाने करायचा. सागाची भक्कम दारं आहेत, त्यावर लोखंडी पट्ट्या आणि हत्तीने धडक देऊ नये म्हणून लांब खिळे. त्यातून बाहेर पडलं की एकदम जिवंत जग लागतं, किल्लाबंदरचा कोळीवाडा. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, जाळी विणणारे म्हातारे बाबा, होड्यांच्या नाळेवर रंगवलेली नावं. मुलांना वासाने नाक मुरडू देऊ नका. बहादूरशहापासून आजवर या धक्क्यावरून जेवढ्या सत्ता आल्या-गेल्या त्या सगळ्या कोळ्यांनी पाहिल्या, आणि त्यांचं काम भरती-ओहोटीवर चालत राहिलं. परवानगी विचारून फोटो काढा, बाई मासे विकत असेल तर घ्या, भाव करताना फार ताणू नका.

जेट्टीवरून २०२४ पासून भाईंदरला जाणारी रो-रो बोट सुटते. वेळ भरतीवर अवलंबून असते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून ठेवा. माझ्या मते दिवस असा संपवावा: गाडीने मागे वळून न येता बोटीत बसायचं आणि पाण्यातून तट बघायचा. गलबतातून येणाऱ्या दर्यावर्द्याला वसई अशीच दिसली असेल, ताडांच्या रांगा आणि त्यामागे मनोरे. भाईंदरला उतरून लोकलने तुम्ही घरी जाऊ शकता. भाचीला मात्र मी सांगितलं आहे की एक रात्र आमच्याकडे राहा. दुसऱ्या दिवशी तिला आणि मुलांना खाडीपलीकडच्या चौक गावात धारावीच्या किल्ल्यावर नेणार आहे. तिथे फारसं काही उरलेलं नाही, दोन-अडीच तासांचं काम आहे. पण वसईचं पाणी कुठून अडलं हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.